मेंढरं कोकणात उतरेपर्यंत

जुन्नरच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी अख्खी नोकरी गेली, आणि तेवढ्या वर्षांत एकाही माणसाला माझ्याशी इंग्रजीत बोलायची गरज पडली नाही. ती पडली मी निवृत्त झाल्यावर. आणि पडली तेव्हा मला जरा चढलंच. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या चढण्याचा वाटा आहे.

आमचं घर लेण्याद्रीच्या रस्त्यावर. वरच्या दोन खोल्या मुलासाठी बांधल्या होत्या. तो पुण्यात स्थिरावला आणि त्या खोल्यांत मी कांदे पसरायला लागले. घरापासून हाकेच्या अंतरावर एक बालगृह आहे. आमच्याकडे लोक त्याला नुसतं आश्रम म्हणतात. तिथली अधीक्षिका माझी जुनी विद्यार्थिनी. गणपती उठले त्याच आठवड्यात ती घरी आली आणि चहा संपायच्या आत मुद्द्यावर आली. परदेशातलं एक जोडपं आश्रमातली दोन मुलं दत्तक घ्यायला येतंय. कागदपत्रं पुरी होईपर्यंत मुलं त्यांच्याकडेच राहणार, पण पुण्याच्या हॉटेलात ती रुळायची नाहीत. तर वरच्या खोल्या द्याल का? शिवाय बाई, तुम्हाला इंग्रजी येतं. त्या शेवटच्या वाक्यावर मी कांदे हलवले.

मुलं दोन, बहीण आणि भाऊ. ती आठ वर्षांची, तो चारचा. माणसं आणे पठाराकडची, मेंढरांमागे फिरणारी. दिवाळी झाली की तिकडचे कळप चाऱ्यासाठी घाट उतरून कोकणात जातात आणि पाऊस तोंडावर आला की परत वर येतात. हायवेवर ट्रकांची भीती, म्हणून बरेच कळप आतल्या, आमच्या रस्त्यानं जातात. तीन वर्षांपूर्वी असंच जाताना यांच्या बापानं दोघांना आश्रमाच्या फाटकात आणून उभं केलं होतं. बायको धाकट्याच्या बाळंतपणानंतर गेली होती. तान्हं पोर आणि पाच वर्षांची मुलगी घेऊन मेंढरांमागे कसं चालणार, असं म्हणाला होता, आणि माघारी येताना नेतो म्हणून सांगून गेला होता. तो आला नाही.

चौकशी झाली. पोलीस त्यांच्या वस्तीवर जाऊन आले, तेव्हा घरांना कुलपं होती, माणसं मेंढरांबरोबर कोकणात. पेपरात जाहिरात दिली गेली. मेंढरांमागे चालणारा माणूस सकाळी पेपर उघडून बसतो असं ज्याला वाटलं, त्याला माझा नमस्कार. पण कागद सगळे बरोबर होते, आजही बरोबरच आहेत. मुदती संपल्या आणि ही दोन मुलं कायद्याच्या भाषेत मोकळी झाली.

मुलगी मात्र मोकळी झालेली नव्हती. वर्षातून दोनदा, कळप जायला लागले की ती भावाला काखेला मारून फाटकात उभी राहायची. मी स्वतः तिला कितीदा तशी पाहिलेली. आश्रमातल्या बायका चेष्टा करायच्या, आली बघ तुझी वरात, म्हणायच्या. ती लक्ष द्यायची नाही. तिची नजर मेंढरांच्या पाठीवर असायची. प्रत्येक कळपाला रंगाची खूण असते, कुणाची हिरवी, कुणाची तांबडी. तिच्या बापाच्या मेंढरांना निळा टिपका होता.

जोडपं आलं ते दोन मोठ्या बॅगा आणि औषधांचा एक डबा घेऊन. दोघंही उंच, चाळिशी ओलांडलेले, युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातले. त्यांचंही इंग्रजी शाळेत शिकून आलेलं, माझ्यासारखंच, त्यामुळे आमचं बरं जमलं. तो पहाटे धावायला निघाला तेव्हा समोरचा शेतकरी त्याला हात जोडून अडवायला लागला. मी बिबट्याचं सांगितलं तर त्याला गंमत वाटली. दोन दिवसांनी शेजारच्या उसात कुत्र्याचा नुसता पट्टा सापडला, तेव्हापासून तो गच्चीवर धावायला लागला. बायको भाकरी शिकली. तिची भाकरी फुगायची नाही, पण ती रोज तितक्याच निष्ठेनं थापायची आणि नवऱ्याला खायला लावायची. तिच्याजवळ एक वही होती. मुलं जे बोलतील तो शब्द मला विचारून ती त्यात लिहून घ्यायची. पाणी, शी, पुरे, इकडे ये, दुखतंय का.

धाकटा चार दिवसांत त्यांचा झाला. त्याला आई म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं, तेव्हा जी समोर आली ती त्याला चालली. मुलगी त्रास काही देत नव्हती. सांगितलं ते खायची, घातले ते कपडे घालायची, त्या बाईनं वेणी घालायला घेतली की मान सरळ ठेवून बसायची. पण पाहुणी म्हणून दुसऱ्याच्या घरी बसावं तशी. अधीक्षिका म्हणायची, किती गुणी आहे बघा. मीही तेच म्हणायचे.

एकदा आम्ही सगळे लेण्याद्रीला गेलो. धाकटा त्या माणसाच्या खांद्यावर. पायऱ्यांवर एका माकडानं बाईच्या हातातली केळ्यांची पिशवी ओढून नेली आणि तिच्यासकट आम्ही सगळे पोट धरून हसलो. वर देवळासमोर आल्यावर सगळे दर्शनाला आत गेले, मुलगी बाहेरच्या कठड्याशी राहिली. मी तिला शोधत गेले तर ती खाली रस्त्याकडे बघत होती. लाल रंगाची एक एसटी चालली होती, बाकी काही नव्हतं. इथनं लई लांबचं दिसतं, एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारी, मी घेवडा निवडत बसले होते. वर तिघं झोपलेली. ती जिना उतरून आली, माझ्यासमोर बसली आणि शेंगांच्या शिरा काढायला लागली. मूठभर शेंगा झाल्यावर मान वर न करता बोलली.

"बाई, दिवाळी झाली की मेंढरं येत्यात. ती खाली उतरू द्या. मंग जाते मी."

मी विचारलं, आणि तुझे आप्पा नाही आले तर?

"नाय आले तर नाय. पर आले आन् आमी नसलो, तर कुठं हुडकतील?"

तिनं पुढं विचारलं की हे मी त्या बाईला तिच्या भाषेत सांगेन का. तिला मराठी समजत नाही आणि मला इंग्रजी येत नाही, तुम्हालाच सांगावं लागंल, असं तिचं म्हणणं. मी म्हणाले, सांगते. तिनं उरलेल्या सगळ्या शेंगा निवडून दिल्या.

मी सांगितलं नाही.

का नाही सांगितलं याची कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि सगळी चांगली आहेत. त्या माणसाची रजा दिवाळीच्या आत संपत होती. तारीख पुढं गेली तर फाईल पुन्हा कुठल्या टेबलावर जाऊन बसेल याचा नेम नव्हता. आठ वर्षांच्या मुलीला सहसा कुणी घेत नाही, सगळ्यांना तान्हं हवं असतं. हे दोघं बिचकले आणि फक्त धाकट्याला नेतो म्हणाले तर? आणि बाप. तीन वर्षांत जो फिरकला नाही तो आता महिन्या-दीड महिन्यानं येणार होता का? मी शिक्षिका आहे. आयुष्यभर मुलांचं भलं त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतं असं धरून चालले. तिला काय कळतंय, असं मी मनात म्हटलं, आणि त्या दिवसापासून तिच्याशी एकटीनं बसायचं टाळायला लागले.

नवरात्रात दत्तकाच्या मंजुरीसाठी पुण्याच्या ऑफिसात बोलावणं आलं. साहेब चांगले होते. त्यांनी मुलांना बिस्किटं मागवली, धाकट्याला मांडीवर घेतलं, जोडप्याचे कागद नीट वाचले. मग चष्मा काढून मुलीला जवळ बोलावलं. तिचं म्हणणं विचारल्याशिवाय सही करायची नाही असा नियम होता.

"बाळ, या आईबाबांबरोबर जायचंय ना तुला?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं आहे, आणि आता मीच काहीतरी बोलेन, असं तिला वाटत असणार. मी पर्स उघडून रुमाल शोधायला लागले. मग तिनं मान खाली घातली आणि पायाचा अंगठा फरशीवर घासत उभी राहिली. साहेबांनी पुन्हा विचारलं. ती तशीच. अधीक्षिका हसून म्हणाली, लाजतेय. साहेबही हसले, मान डोलावली आणि पेन हातात घेतलं.

ती बाई माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्या हाताला स्पर्श करून हळूच विचारलं की मुलगी काय म्हणाली. मी म्हटलं, हो म्हणाली. ती म्हणाली, पण तिनं तोंडच उघडलं नाही, मी बघत होते. तेव्हा मी तिला आमची रीत समजावून सांगितली. आमच्याकडे मुलीला असं काही विचारलं की ती खाली बघते. ते हो असतं. ती म्हणाली की आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे काहीच नसतं, हो नाही आणि नाहीही नाही. कृपा करून तिला परत विचारा. घाई करू नका.

साहेबांनी मान वर करून मला विचारलं, "काय म्हणताहेत मॅडम?"

"काही नाही," मी म्हणाले, "आनंद झालाय त्यांना."

सही झाली.

परतीच्या वाटेवर मला निरगुडसरचं आमचं घर आठवत होतं, माझं माहेर. मी एकोणीस वर्षांची असताना मला बघायला आले होते. पाहुणे गेल्यावर चुलत्यांनी विचारलं, काय गं, पसंत आहे का? मला पुण्याला जाऊन पुढं शिकायचं होतं, आणि ते वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं, शब्द न् शब्द. पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी हातातल्या पोह्यांच्या बशीकडे बघितलं. चुलती म्हणाली, लाजली, म्हणजे हो आहे. नवरा वाईट मिळाला नाही. शिकूही दिलं त्यानं, लग्नानंतर, जमेल तसं. तक्रार करायला जागा नाही. पण ती बशी मला अजून दिसते, काठावर निळी नक्षी असलेली, आणि तरीही मी त्या मुलीशी तेच केलं. मला चीड येते ती याची. ज्यांनी भोगलेलं नाही त्यांनी केलं तर एक वेळ मी समजू शकते.

पासपोर्ट, व्हिसा सगळं वेळेत झालं. वसुबारसेच्या दिवशी ती निघाली. गल्लीतल्या बायकांनी मुलीच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला. तो विमानात चालत नाही हे मी सांगितलं, तेव्हा तो तिनं मला परत दिला. गाडीत बसताना ती बाई रडली, अधीक्षिका रडली, धाकटा बाकीचे रडताहेत म्हणून रडला. मुलीच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. खिडकीतून ती आश्रमाच्या फाटकाकडे बघत होती, गाडी वळेपर्यंत.

दिवाळी झाली. कळप यायला लागले. मी काही ना काही काम काढून ओट्यावर बसायचे आणि मेंढरांच्या पाठीवरच्या खुणा बघायचे. हिरव्या गेल्या, तांबड्या गेल्या, पिवळ्या गेल्या. निळा टिपका दिसला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण प्रत्येक कळप गेला की मला हायसं वाटायचं. बघ, नाहीच आला, असं मी तिला मनातल्या मनात सांगायचे.

एका सकाळी तांबड्या खुणांचा मोठा कळप गेला, घोड्यांवर बिऱ्हाड, कोंबड्या, वर बसलेली पोरं. तो गेल्यावर पाऊण तासानं एक बाई ओट्यासमोर येऊन उभी राहिली. पस्तिशीची असेल, उन्हानं रापलेली, पायाला धूळ. आश्रमातून तिला माझ्याकडे पाठवलं होतं. मी वर खुर्चीवर बसा म्हटलं तर ती पायरीवरच टेकली. मुलांची आत्या होती.

"औंदा फाटकात न्हाई दिसली पोर," ती म्हणाली, "म्हनून माघारी आले."

मला आधी कळेचना. औंदा म्हणजे, याआधी दिसत होती? मग तिनं सांगितलं ते असं. भाऊ त्याच साली गेला होता, खाली कोकणात, हायवेला ट्रकनं उडवला. त्याची मेंढरं हिच्या नवऱ्याच्या कळपात घातली आणि त्यांच्यावर यांची तांबडी खूण केली. कळप याच रस्त्यानं जात होता, जाताना आणि येताना, दर वर्षी. भाचीला ती दर वेळी बघत होती, फाटकात, धाकट्याला घेऊन उभी असलेली. आणि दर वेळी डोक्यावरचा पदर पुढं ओढून, घोड्याच्या पलीकडच्या बाजूनं चालत निघून जात होती.

मी आवाज चढवला. तुम्ही थांबला का नाहीत, आश्रमात येऊन सांगितलं का नाही, असं तिला फाडफाड विचारलं. वर्गात उभं करून विचारावं तसं. तिनं ऐकून घेतलं.

"सांगितलं आसतं तर म्हनले आसते, तुमची लेकरं तुमी न्या. माजीच चार हायेत, बाई. आन् थांबले आसते तर तिनं हात धरला आसता. सोडवून घेता आला नसता मला."

मी पाणी आणलं, चहा ठेवला. मुलं कुठं आहेत ते सांगितलं. तिनं विचारलं, कोकणाच्या पल्याड का? मी म्हटलं, खूप पल्याड, विमानानं जावं लागतं. पोटभर मिळतं का? मिळतं. मारत तर नाहीत? नाही, चांगली माणसं आहेत, मी पाहिली आहेत. दोघं एकाच घरात आहेत का? हो, एकाच. प्रत्येक उत्तरावर ती मान हलवत होती. चहा तिनं बशीत ओतून पटकन पिऊन टाकला, कारण कळप पुढं गेला होता. उठताना तिनं शेवटचं विचारलं.

"जाताना रडली का वो?"

"नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"मंग राजीखुशीनं गेली," ती म्हणाली. तिचा चेहरा जरा सैल झाला. पदर खोचला आणि भराभर चालत रस्त्याला लागली.

अधीक्षिकेला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाई, आता नका कळवू तिकडे, मुलं रुळताहेत, कशाला. मला ते पटलं. पटवून घेण्यात माझा हात आता चांगलाच बसला होता.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. बाहेर बर्फ पडलेला होता, धाकट्याला तो दाखवायचा होता. तो त्यांच्या भाषेतले शब्द बोलायला लागला होता, मध्येच एखादा मराठी. मग त्या बाईनं सांगितलं की मुलगी रोज काहीतरी विचारते, त्यातला एक शब्द मला वहीत सापडत नाही. तुम्ही ऐकाल का? कसा सापडेल? मेंढरं हा शब्द मी तिला कधी सांगितलाच नव्हता. मुलगी समोर येऊन बसली. जाड लोकरीचा स्वेटर, केस कापलेले, गाल वर आलेले. किती छान दिसतेस गं, असं मी म्हणाले. तिनं ते सोडून दिलं.

"बाई, मेंढरं गेली खाली?"

गेली, मी म्हणाले.

"आमच्यातलं कुनी आलं व्हतं?"

निळा टिपका नव्हता असं मी म्हणू शकले असते. तेही खरंच होतं. पण मी खाली बघितलं, ओट्याच्या फरशीकडे, मुलांच्या आत्यानं जिथं रिकामी बशी ठेवली होती तिथं. मला वाटतं मी बराच वेळ तशी बसले असेन. मान वर केली तेव्हा मुलगी माझ्याकडे एकटक बघत होती. मग तिनं मान डोलावली, अगदी त्या साहेबांनी डोलावली होती तशी.

"आलं व्हतं," ती म्हणाली. आणि उठून गेली.

पडद्यावर आता ती बाई होती. मुलगी काय म्हणाली, असं तिनं मला विचारलं. या वेळी मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. आलं होतं, असं म्हणाली. तिच्या कपाळाला आठी पडली.

कोण आलं होतं, तिनं विचारलं.

मी पुन्हा खाली बघितलं. पण गप्प बसण्याचा अर्थ लावून मोकळी होणाऱ्यातली ती नव्हती. ती पडद्याच्या जवळ सरकली आणि मी बोलायची वाट बघत राहिली.